मलावीची बॅग, बागलाणची पोळी

नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्टँडवर मी माझी नवी कोरी निळी बॅग खडखडवत निघाले होते आणि कंडक्टर बघून हसत होता. "ताई, ही सटाणा गाडी आहे, विमान नाही."

"विमान पुढच्या महिन्यात आहे," मी म्हटलं. "आज सटाण्यालाच सोडा."

बॅग खरंच विमानासाठी घेतलेली. आफ्रिकेतल्या मलावीत एका ख्रिस्ती बालगृहात मी दोन वर्षांसाठी मुलांना शिकवायला जाणार आहे. आमच्या चर्चची शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा वर्ग) मी कित्येक वर्षं घेते. पोरं दिसली की माझ्या अंगात येतं, पण ते सगळं बडबडीच्या जोरावर! मलावीची भाषा मला ओ की ठो येत नाही. म्हणून आमच्या पाळकसाहेबांनी फर्मान काढलं, "रूथताई, आधी सटाण्याकडं, बागलाणात, सुट्टीतली बायबल शाळा घेऊन या. तिथली बारकी पोरं अहिराणीच बोलतात. तोंड बंद पडल्यावर काय होतं ते इथंच बघून घ्या."

आईचा मात्र एकच प्रश्न, चहाच्या प्रत्येक कपाबरोबर: "इथली पोरं संपली का?" दादा-वहिनी तिच्याजवळच राहतात, तेव्हा ती एकटी पडणार नव्हती. तरी ती मनापासून हो म्हटल्याशिवाय माझा पाय निघत नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही धास्ती होतीच. बागलाणातली पोरं जवळ आली नाहीत, तर गुपचूप घरी बसायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

पिंपळगावपर्यंत द्राक्षबागांची हिरवाई डोळे निववत होती. सोग्रस फाट्यानंतर उन्हानं भाजून काढलं. भावडबारीच्या चढावर गाडी अशी कण्हायला लागली की शेजारच्या आजोबांनी पुढच्या सीटला जोर लावला. देवळ्याला उसाचा रस प्याले, तेव्हा कुठं जिवात जीव आला. सटाण्यात कांद्याच्या ट्रॅक्टरांची ही रांग! तिथून जीपनं गावाच्या फाट्यावर सोडलं आणि माझ्या परदेशी बॅगेची चाकं पहिल्याच मुरमात रुतली.

बाजारात कांदा खाली करून परतणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला. "टाका मागं. लय जड हाय! काय भरलंय?"

"नोहाचं तारू," मी सांगितलं. पुरातून प्राणी वाचवणाऱ्या त्या मोठ्या नावेतला हत्ती, सिंह, कबुतर, सगळी मंडळी कापडी बाहुल्या होऊन बॅगेत बसली होती.

"मंग बरोबर," तो म्हणाला आणि कांद्याच्या सालपटांवर बॅग आडवी टाकली.

"जय ख्रिस्त, रूथताई!" ज्यांच्याकडं मुक्काम होता त्या सुमनबाईंनी हार घातला. कांदाचाळीच्या (कांदे साठवायची लांब, हवेशीर शेड) सावलीत सतरंजी अंथरली होती आणि माझ्यासाठी एक खुर्ची. पोरं समोर रांगेत चिडीचूप. मी गाणं म्हटलं; टाळ्या मीच वाजवल्या. हत्तीची सोंड हलवली. कुणी हललं नाही. सिंहाची डरकाळी फोडली, तर एका बारक्यानं भोकाडच पसरलं. दुसऱ्या दिवशीही तीच गत. कपाळ माझं! मलावीला काय दिवे लावणार होते मी? त्या संध्याकाळी मला नाशिकची गाडी धरून सरळ पळून जावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी आमरस आणि खापराची पोळी असा बेत होता. अंगणात चूल, चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर. पुरण भरलेला गोळा सुमनबाई दोन्ही हातांवर फिरवत, झुलवत कोपरापर्यंत पसरवायच्या आणि अलगद खापरावर टाकायच्या. पाहुणीनं खुर्चीवर बसायचं असतं, पण माझे हात शिवशिवत होते. "मला द्या एक," म्हणून मी उठलेच.

पोळी माझ्या हातावर लोंबली, ताणली आणि मधोमध फाटली. पुरण माझ्या पायावर पडलं. कोंबडी धावली. आणि पोरं अशी खिदळली की काय सांगू! सलोमी नावाची पाचेक वर्षांची चिमुरडी पुढं आली. "तुले येत नही?" (तुला येत नाही?)

"नाही गं बाई, येत नाही."

तिनं माझा पदर ओढून मला जमिनीवर बसवलं, हातात गोळा दिला आणि माझी कोपरं धरली. "आशी नही, आशी!" बघता बघता सगळी पोरं भोवती. कुणी माझा हात वर करतंय, कुणी खाली. माझी चौथी पोळी खापरावर टिकली तेव्हा त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

खुर्ची मग कुणी आणलीच नाही. मी एकेक प्राणी काढायची, पोरं मला अहिराणी शिकवायची, माझे उच्चार ऐकून लोळायची. नोहाची गोष्ट शेवटी त्यांनीच मला सांगितली. निघताना मी सगळं तारू तिथंच ठेवलं आणि पोरांना मलावीचं सांगितलं. सलोमीनं माझं बोट सोडलं नाही. "तठे तुले कोन शिकाडी?" (तिथं तुला कोण शिकवेल?) मला भडभडून आलं. तिला कवटाळून म्हटलं, "तिथंही एखादी सलोमी असेलच."

घरी आल्यावर आईनं बॅग उघडली. "शी! कांद्याचा वास कसला? आणि एवढी रिकामी कशी?"

मी तिला सगळं सांगितलं. पोळी फाटल्याचं ऐकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मी म्हटलं, "आई, इथली पोरं संपली नाहीत. त्यांनीच मला जायला तयार केलंय." तिनं बॅगेची चेन लावली. उठून आत गेली.

सकाळी स्वयंपाकघरात कुकर वाजत होता. "चाळिशी आली, पुरणपोळी धड येत नाही आणि चालली परदेशात! माझी अब्रू घालवशील. ये, कणीक मळ." मी परातीपुढं बसले. तिनं डाळीत गूळ घातला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "काय गं, तिकडच्या पोरांना आवडेल ना एवढं गोड?"