अर्धा इंच भीतीचा

"खांदे सोडा, बेटा. खांदे तुमचे नाहीत, कोटाचे आहेत."

मास्तर हे दिवसातून किती वेळा म्हणायचे, देव जाणे. मान किंचित कलती करून, गळ्यातला टेप दोन बोटांनी ओढत म्हणायचे आणि समोरच्या पोराचे खांदे आपोआप खाली यायचे. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मशीन, कापड कापायचं एक टेबल आणि मधोमध फिकट हिरवा पडदा. तुम्ही तिथून शंभरदा गेला असाल आणि तुम्हाला ते दिसलंही नसेल. पण विद्यापीठातल्या ज्या पोराला मोठ्या कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं यायचं, त्याला ते बरोबर दिसायचं.

मास्तरांची तऱ्हाच वेगळी. ते माप उभ्यानं घेतच नसत. "मुलाखत काय उभ्यानं देणार हाय का?" म्हणत लाकडी खुर्ची पुढं सरकवायचे. पोरगं बसलं की खांद्यावर टेप धरून एकदम विचारायचे, "स्वतःबद्दल सांगा." त्यांच्याकडं कोट शिवून गेलेल्या पोरांकडून त्यांनी मुलाखतीतले सगळे सवाल गोळा केले होते. पोरगं उत्तर द्यायला लागलं की खांदे हळूहळू कानाकडं निघायचे. मास्तर दोन मापं लिहायचे, एक शांत खांद्यांचं आणि एक घाबरलेल्या खांद्यांचं. कोट शिवायचा तो दुसऱ्या मापाचा.

"हा अर्धा इंच भीतीचा," ते म्हणायचे. "नौकरी लागून साल झालं की कोट घेऊन या. तोवर भीती जाती. मग काढून टाकतो."

मी त्यांच्याकडं गेले ते नाइलाजानं. एका कंपनीच्या ग्रॅज्युएट ट्रेनी योजनेची शेवटची फेरी आली होती आणि बाजारातला एकही तयार कोट माझ्या खांद्यांत बसत नव्हता. देवगाव रंगारीची हवा, घरचं दूध आणि लहानपणापासूनचं विहिरीत पोहणं, खांदे व्हायचे तसेच झाले होते. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, आम्ही फक्त जेन्ट्स."

मी रडकुंडीला आले. आतून भाभींचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, आवाज आला, "माप मी घेते की. तुम्ही पल्याड बसा."

तशी ती दुपार गेली. पडद्याच्या आत खुर्चीवर मी, माझ्या मागं टेप धरून भाभी आणि पडद्याच्या पलीकडं मास्तर. उन्हानं तो हिरवा पडदा असा काही उजळला होता की आत पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. कुठंतरी मशीन थांबून थांबून चालत होतं, इस्त्रीच्या वाफेचा ओला वास येत होता आणि पलीकडून एक मऊ आवाज माझ्या आयुष्याबद्दल विचारत होता. तेवढं निवांत मला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं.

"स्वतःबद्दल सांगा."

मी सांगितलं.

"आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

तेही सांगितलं. घोकून ठेवलं होतं.

"कुठंही पाठवलं तर जाल?"

"हो, अगदी आनंदानं," मी म्हणाले.

"वर गेले," भाभी म्हणाल्या.

"कोणत्या सवालाला?"

"ह्याच सवालाला."

मशीन थांबलं. मास्तरांनी तोच सवाल पुन्हा विचारला, मी तेच उत्तर दिलं आणि भाभी पुन्हा म्हणाल्या, "वर गेले." काय सांगू तुम्हाला, चोरी पकडल्यावर होतं तसं झालं मला. कारण मी घरी थाप मारली होती. वडिलांना, अण्णांना, सांगितलं होतं की नोकरी इथंच वाळूजला आहे. खरं तर निवड झाली की थेट चेन्नई. अण्णा हो म्हणणार नाहीत, हे मी मनाशी धरूनच चालले होते. म्हणजे जागा मिळाली तरी मी जाऊ शकणार नव्हते आणि तरीही तिच्यासाठी रात्रंदिवस मरत होते.

पडद्यामागून मी हे सगळं त्या न दिसणाऱ्या माणसाला सांगून टाकलं. का, ते आजही कळत नाही.

"बेटा," मास्तर म्हणाले, "मी अर्धा इंच सोडू शकतो. हे तीन इंचाचं काम हाय. आधी घरी बोला, मग माप द्या."

आणि खरंच त्यांनी माप घेतलं नाही! मुलाखत चार दिवसांवर आणि हे म्हणतात, घरी बोला. मी चिडले, पाय आपटत बाहेर पडले. पण बोळाच्या तोंडाशी उभी राहून फोन लावलाच.

अण्णांना चेन्नईचं सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "लई लांब हाय का?"

"लई लांब हाय, अण्णा."

"तिथं भाकर भेटती का?"

"नाय भेटायची."

"मग पीठ घेऊन जा," अण्णा म्हणाले. "आन् पुन्हा लबाड बोलू नको."

मी डोळे पुसत परत गेले. भाभींनी काही न विचारता टेप उचलला. ह्या वेळी खांदे फक्त अर्धाच इंच वर गेले. मास्तर पलीकडून म्हणाले, "हां, आता शिवता येतं."

मुलाखतीच्या सकाळी कोट घालताना लक्षात आलं की मास्तरांनी बटणं पोरांच्या कोटासारखी उजव्या बाजूला लावलीत. जन्मभराचा जेन्ट्सचा हात, तो कसला ऐकतोय. पॅनेलसमोर बसल्यावर माझे हात त्या बटणांशी झटापट करत होते. समोरच्या बाईंनी विचारलं, "कोट भावाचा आहे का?"

मला हसूच फुटलं. म्हटलं, "नाही मॅडम, माझ्याच मापाचा आहे. शिवणाऱ्यांना मुलींची सवय नाही." त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, कुठंही पाठवलं तर जाल का? मी म्हणाले, "भीती वाटते. पण घरी सांगून आलेय. जाईन." खांदे वर गेले असतील तर कोटाच्या आत गेले. कुणाला दिसले नाहीत.

निवडीचं पत्र आलं तेव्हा तोच कोट घालून, पेढे घेऊन मास्तरांकडं पळाले. त्यांचं लक्ष आधी बटणांवर गेलं. कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! काढा, आत्ताच्या आत्ता बदलून देतो."

"नक्को मास्तर, राहू द्या," मी म्हणाले. "तिकडं तुमची आठवण येईल."

"बरं. पण साल झालं की या. तो अर्धा इंच काढायचाय."

साल झालं. मी आले नाही. पहिल्या वर्षी सुट्टी कमी होती. दुसऱ्या वर्षी आले, पण लग्नं, पाहुणे, जाऊ उद्या, जाऊ उद्या, करता करता गाडीची वेळ झाली. तुम्हीही कुणाकडं असंच जायचं ठेवलं असेल, तर जाऊन या.

तिसऱ्या वर्षी कोट घेऊन गेले. मास्तर उन्हाळ्यात गेले होते. भाभी एकट्याच बसून पोराटोरांच्या पँटी आखूड करत होत्या. मला पाहून त्या रडल्या नाहीत, मीच रडले. मग त्यांनी कोट हातात घेतला, शिवण चाचपली आणि म्हणाल्या, "अर्धा इंच राहिलाय व्हय? ये, बस."

तीच खुर्ची, तोच पडदा, तसंच दुपारचं ऊन. भाभींनी मागून खांद्यावर टेप धरला आणि मास्तरांसारखंच विचारलं, "स्वतःबद्दल सांगा."

मी सांगायला लागले. नोकरी कायम झाली, चेन्नईत भाकरी थापायला शिकले, अण्णा एकदा येऊन समुद्र बघून गेले. सगळं चांगलंच होतं सांगण्यासारखं. पण माझं बोलणं पडद्याकडं तोंड करूनच चाललं होतं.

"वर गेले," भाभी म्हणाल्या, सवयीनं.

मग आम्ही दोघीही थांबलो. पलीकडून "कोणत्या सवालाला?" असं कुणी विचारलं नाही.

भाभींनी टेप गुंडाळला, कोटाची घडी घातली आणि अर्धा इंच न काढता तो तसाच माझ्या मांडीवर ठेवला.