उभ्या पिकातली आरोपी

"गिरजी कोणती हाय? उभी ऱ्हाय बरं."

आबा माईकवर बोलले आणि माझी माय उठून उभी राहिली. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. तेलाच्या पाइपलाइनची जनसुनावणी होती. पुढे खुर्च्यांवर बागाईतदार, मागे सतरंजीवर बाकीचं गाव, आणि सतरंजी संपली तिथून मातीत आमची वस्ती. स्टेजवर कंपनीचे जमिनीचे साहेब, तहसीलमधून आलेले नायब, आणि मधोमध आबा. आबा आमचे माजी सरपंच. आता सरपंच त्यांची सून आहे, म्हणजे आबाच.

त्यांच्या हातात एक पिवळा पडलेला कागद होता.

"'सरकारी गायरानात विनापरवाना नांगरट करून अतिक्रमण केले. आरोपी क्रमांक दोन, गिरजी. दंड व कोर्ट उठेपर्यंत शिक्षा.' ऐकलं का समद्यांनी? ह्ये लोक म्हनत्यात, ह्यो आमच्या हक्काचा पुरावा. आरं, ह्यो चोरीचा दाखला हाय! चोर सोताच दाखला घिऊन आलाय."

खुर्च्या हसल्या. सतरंजी हसली. साहेब तोंडावर रुमाल धरून हसले. माय उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

मग आबांनी माझ्याकडे बोट केलं. मी स्टेजच्या पायरीशी, कंपनीची टोपी घालून, हजेरीची वही छातीशी धरून उभी होते.

"आन ह्ये कागद कुनी आनून दिले? त्यांच्याच पोरीनं. लई शिकल्याली हाय."

वस्तीनं आबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला अजून सोसत नाही.

आधी त्या कागदाचं सांगते. आम्ही चार एकर कसतो, पण त्याला सातबारा नाही. ते गायरान. गावच्या जनावरांसाठी राखलेली सरकारी जमीन. माझ्या आज्यानं त्यातले दगड वेचले आणि पेरायला लागला. आमच्यासारख्यांनी गायरान कसलं की गाव चालून येतं, पीक मोडतं, पोलीस येतात, गुन्हा आमच्यावरच दाखल होतो. मग मध्येच कधीतरी सरकार म्हणतं, पूर्वीपासून कसत असाल तर नावावर करू, पुरावा आणा. पुरावा कुठून आणायचा? पेरल्याची पावती कुणी देत नाही. मार खाल्ल्याचा कागद तेवढा मिळतो. म्हणून गायरानवाल्यांच्या घरी गुन्ह्याचे कागद जपतात. आमचा कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होता, वर डांबराच्या गोळ्या टाकलेल्या. एकदा पावसात छप्पर गळायला लागलं तेव्हा मायनं आधी डबा उचलला, मग मला.

त्या कोर्टात मीही होते. सव्वा वर्षाची, मायच्या कडेवर. बा आरोपी क्रमांक एक, माय क्रमांक दोन. कोर्ट उठेपर्यंत ती कोपऱ्यात फरशीवर बसून होती. मी रडायला लागले म्हणून शिपायानं आम्हा दोघींना व्हरांड्यात काढलं. बा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण माय हे अजून सांगते आणि हसते. मला मात्र त्या डब्याची लाज वाटायची. अंबाजोगाईला कॉलेजात गेले तेव्हा मैत्रिणींना सांगितलं, आमची चार एकर शेती आहे. डब्याचं सांगितलं नाही.

बीए झाले. दोन वर्षं नुसते फॉर्म भरले. मग पाइपलाइन आली.

समुद्राच्या बाजूनं तेल निघणार, जमिनीखालून आमच्या तालुक्यातून जाणार आणि पुढे कुठल्या तरी डेपोत उतरणार. एक पक्ष म्हणाला, विकास. दुसरा म्हणाला, आमच्या पोरांना काम आणि आमच्या गाड्यांना ठेका द्या, त्याशिवाय कुदळ मारू देणार नाही. गेवराईच्या रस्त्यावर टायर जाळले. दोन्हीकडून उपोषणाचे मांडव उभे राहिले. एकमेकांचे बॅनर फाडले. दोन्हीकडची भाषणं मी ऐकली. गायरान हा शब्द एकातही नव्हता.

पहिल्या मोजणीत लाल खुंट्या आबांच्या मोसंबीच्या बागेतून गेल्या होत्या. मला पक्कं माहीत आहे, कारण टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. कंपनीनं मला गाव समन्वयक म्हणून घेतलं होतं. पंधरा दिवसांनी त्याच खुंट्या आम्ही उपटल्या आणि बागेला वळसा घालून गायरानात ठोकल्या. साहेब म्हणाले, तांत्रिक कारण. दुसऱ्याच दिवशी दोन्ही पक्षांची उपोषणं सुटली.

मग मी का गप्प बसले? कारण मला मॅडम म्हणत होते. एवढंच. बसायला खुर्ची होती, गळ्यात ओळखपत्र होतं. आबांच्या बागेत मोजणीवाल्यांना जेवण असायचं. साहेब आणि पोरं ओट्यावर बसायची. माझं ताट विहिरीच्या मोटारीच्या खोलीमागं ठेवायचे. मी स्वतःला सांगायचे, इथं सावली आहे, गार आहे. जेवून मी ताट घासून ठेवायचे. मग त्यांच्या घरातली बाई त्यावर लांबून पाणी ओतायची आणि मगच उचलायची. मी हे रोज बघत होते आणि रोज परत जात होते. लाचारी कशी असते हे मला कुणी शिकवायला नको.

पौषात पंचनामे झाले. वस्ती तेव्हा उसाच्या फडावर होती. दसऱ्यानंतर कोयता घेऊन गेलेली माणसं चैत्राशिवाय परतत नाहीत. मागं उरतात म्हातारी माणसं आणि उभ्या तुरी. साहेबांनी तंबूत टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"मॅडम, पंच म्हणून सह्या करा. मजकूर मागून भरतो."

पंचनाम्यावर कोऱ्यातच सही करायची, ही आमच्याकडची रीतच आहे. तलाठी येवो नाहीतर पोलीस, हॉटेलात बसलेल्या दोघांना बोलावतात, चहा पाजतात, सही घेतात. कुणी विचारत नाही काय लिहिणार. मीही विचारलं नाही. बारा घरांच्या बारा कागदांवर सही केली. तंबूपासून तीनशे पावलांवर तुरी होत्या, वाळलेल्या शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या. मी तो आवाज ऐकत सह्या केल्या.

वस्ती परतल्यावर साहेबांनी दुसरं काम सांगितलं. सगळ्यांचे जुने कागद गोळा करा, अस्सल लागतात, नोंद करून परत देऊ. मी दारोदार फिरले. कुणी गाठोडं सोडून कागद दिला, कुणी देवाच्या फोटोमागून काढून दिला. मी त्यांची पोर होते म्हणून दिला. फक्त माय अडली.

"त्यास्नी झेराक्स दे."

"अस्सलच लागतो म्हणतात."

"कावून? आपल्या गुन्ह्याचं त्यास्नी काय करायचंय?"

मी तिच्यावर खेकसले. तुला काय कळतं त्यातलं, असं म्हणाले. हे शब्द माझेच आहेत. तिनं डबा उघडला आणि कागद माझ्या हातावर ठेवला. तोच आता आबांच्या हातात होता.

"बस आता, गिरजे," आबा म्हणाले. "नायबसायेब, कंपनीचा पंचनामा वाचा, म्हंजी मिटलं."

नायबांनी वाचला. "गायरान गटाची समक्ष पाहणी केली. जमीन पडीक असून त्यावर कोणतेही पीक नाही. कोणाचीही वहिवाट दिसून येत नाही." खाली पंचाचं नाव. माझं. नायबांनी ते स्पष्ट वाचलं, वडिलांच्या नावासकट.

माझ्या बाचं नाव माईकवर आलं ते असं. जन्मभर त्यानं जी जमीन आपली म्हणून कसली ती पडीक आहे, असं लिहून देणाऱ्या पोरीचा बाप म्हणून. मला वाटलं, जमीन फाटावी. आणि त्याच वेळी इतका राग आला की डोळ्यांपुढचा मांडव लाल दिसायला लागला. तो राग आबांचा होता, साहेबांचा होता, आणि सगळ्यात जास्त माझा मलाच होता.

माय बसली नव्हती. तिला वाचता येत नाही. पण बा दर पेरणीच्या आधी तो कागद तिला वाचून दाखवायचा. तिला तो तोंडपाठ आहे.

"आबा, तुमी निम्माच वाचला. मागचं पान वाचा की."

"गप ए."

"मागं पंचनामा हाय. माज्या बाजरीचा. त्यो वाचा."

आबांनी कागदाची घडी घातली. ती घडी घालताना मी पाहिलं. वही खाली ठेवली, टोपी काढून वहीवर ठेवली आणि स्टेजवर चढले. शाळेच्या त्या स्टेजवर आमच्यातलं माणूस आजवर झाडू घेऊनच चढलेलं. मी हात पुढे केला.

"कागद द्या आबा. आमचा आहे."

"मॅडम, खाली उतरा," साहेब म्हणाले. "तुम्ही कंपनीचं माणूस आहात."

"न्हाई," मी म्हणाले. "मी गिरजाबाईची पोर हाय."

आबांनी दिला नाही. मी ओढून घेतला. कोपरा फाटून त्यांच्या चिमटीत राहिला. मी मागचं पान उघडलं आणि माईकवर वाचलं. "समक्ष पाहणी केली असता, अडीच एकर क्षेत्रात बाजरीचे पीक गुडघाभर उभे असल्याचे दिसून आले. अतिक्रमण काढतेवेळी सदर पीक मोडण्यात आले." आरोपीचं नाव गिरजाबाई असं लिहिलेलं होतं. शिक्षा देणाऱ्यांनीही तिला बाई म्हटलं होतं. गिरजी फक्त आबांच्या तोंडात होती. खाली पंच क्रमांक एक. सही ठळक, मोडीसारखी वळणं घेतलेली. ते नाव मी आडनावासकट वाचलं. आबांचे वडील.

खुर्च्या आबांकडे बघायला लागल्या.

"तुमच्या वडलांनी लिहून दिलंय की इथं पीक होतं," मी म्हणाले. "पीक नाही असं लिहून देणारी मी. माझ्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या आणि मी दिल्या. त्या बाराही सह्या खोट्या आहेत. हे मी तहसीलदारांपुढे लिहून देणार. आणि खुंट्या मोसंबीतून कशा उठल्या तेही लिहून देणार."

साहेब उठून उभे राहिले. आता रुमाल खिशात होता.

"खोटी सही केली म्हणता? गुन्हा आहे हा. तुमच्यावरच दाखल होईल."

मातीतून मायचा आवाज आला.

"हू द्या दाखल. पोरी, नक्कल मागून घे."

वस्ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा आमची माणसं हसली.

नोकरी स्टेजवरच गेली. मी जबाब लिहून दिला, त्याची पोच घेतली. मग कंपनीच्या तंबूच्या दारात बसले. वस्तीचे कागद द्या म्हणून तीन दिवस बसले. आमचा माझ्याकडे होताच, उरलेल्या अकरांतले दहा मिळाले. एक सापडत नाही म्हणाले. ते एक घर माझ्या चुलतीचं. तिच्या दारात जाऊन मी सांगितलं की तुझा कागद माझ्यामुळं गेला. ती माझ्याशी अजून बोलत नाही. आमच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. तिचं बरोबर आहे आणि मी तिच्याकडे माफी मागायला जाणार नाही. मला तिची जमीन राखायची आहे.

मृग बरसला तशी आम्ही बाजरी पेरली. लाल खुंट्यांच्या दोन्ही अंगांनी पेरली. श्रावणात मशीन आलं. बाजरी गुडघ्याच्या वर होती. आम्ही बाया पिकात जाऊन उभ्या राहिलो. माय पुढे, तिच्या शेजारी मी, आणि थोड्या अंतरावर, माझ्याकडे न बघता, चुलती. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. तासाभरानं पोलिसांची गाडी आली. जमादारांनी बॉनेटवर कागद ठेवून लिहायला घेतलं आणि लिहून झाल्यावर माझ्यापुढं सरकवला.

मी वाचला. 'आरोपी महिलांनी मोकळ्या जागेत जमाव जमवून कामात अडथळा आणला.'

"मोकळी जागा कुठाय?" मी विचारलं. "पायाखाली बघा."

जमादारांचे बूट बाजरीत होते.

"तुला काय फरक पडतो? गुन्हा त्योच हाय."

"मला पडतो. उभ्या बाजरीच्या पिकात, असं लिहा. मग सगळे गुन्हे कबूल."

ते चिडले. गाडीत घालीन म्हणाले. घाला म्हटलं. माय गाडीत जाऊन बसलीसुद्धा, खिडकीजवळची जागा धरून. दोन फोन झाले, ऊन वर आलं. शेवटी त्यांनी ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'उभ्या बाजरीच्या पिकात'. खोडल्याच्या बाजूला मी त्यांची सही घेतली. सगळा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग माझी केली.

ठाण्यातून सुटून आलो त्या दिवशी मायनं डबा उतरवला. कोपरा फाटलेला तिचा कागद खाली, त्यावर माझी नक्कल. आरोपी क्रमांक एक मी आहे.

मशीन बांधाच्या पलीकडे उभं आहे. आबांचे लोक सांगतात, पावसाळा संपू दे, मग बघू. बघा. आम्ही या वर्षी उसाला जाणार नाही. बाजरी निघाली की हरभरा पेरू, हरभऱ्यानंतर आणखी काही. ज्याला लिहायचंय त्यानं वावरात उतरून, पायाखाली बघून लिहावं. कोरा कागद घेऊन कुणी आलं तर मी बांधावरूनच परतवून लावीन. आणि गुन्हे हवे तेवढे दाखल करा. डबा मोठा आहे.