पहिला भार मिस्त्रीचा

दसरू मिस्त्रीनं झोपाळ्याची कडी बसवली की आधी तो स्वतः झोपाळ्यावर बसायचा. बैलबंडी दुरुस्त केली की मालकाच्या आधी हाच चढायचा आणि आमच्या केशोरी गावाला एक चक्कर मारून आल्याशिवाय उतरायचा नाही. लोक हसायचे, मीही हसायचो. त्याचं म्हणणं एकच असे, "माह्या हातचं तुटलं, त पैले मी पडलो पायजे."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मी केशोरी ते गोंदिया पॅसेंजर मोटार चालवत होतो. एकदा पुढच्या चाकावरचा कमानपाटा, म्हणजे धक्के झेलणारी पोलादी पट्टी, गावाजवळच तुटला. नवा मिळणं शक्यच नव्हतं. मालकानं कुठल्याशा लॉरीचा जुना पाटा पाठवला. तो चार बोटं जास्त लांब आणि रुंदही निघाला. त्याचं मागचं टोक अडकवायला मोटारीला जागाच नव्हती. मोटार मिस्त्रीच्या भात्यासमोर उभी राहिली आणि नेमकी त्याच वेळी माझी बायको जना पहिल्या बाळंतपणात अडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईणीनं हात टेकले. गोंदियाच्या दवाखान्यात न्या, म्हणाली. बंडीनं पोचेपर्यंत ती राहिली नसती.

मी धावत मिस्त्रीकडे गेलो. ऐकल्याबरोबर त्यानं हातातलं काम टाकलं. मोटारीच्या सांगाड्याच्या दांड्याला भोक पाडून पाटा अडकवावा, असं मी सुचवलं, तर त्यानं ते साफ उडवून लावलं. भोकाशी दांडा कमजोर होतो, असं त्याचं मत. त्यानं बंडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तोडली, वाकवून दांड्याभोवती तिचं कडं केलं, खाली पाट्यासाठी दोन कान काढले आणि बोल्ट आवळले. मग कडं आणि दांडा दोन्हींवरून चुन्याची एक सरळ रेघ ओढली.

आणि सवयीप्रमाणे स्वतः पायदानावर चढून दणादण उड्या मारल्या. खाली वाकून पाहिलं, तर रेघ तुटली होती. कडं केसभर सरकलं होतं, केसभरच! पण हा पठ्ठ्या बोल्ट सोडायला लागला.

माझं डोकं फिरलं. "मिस्त्री, ती मरून राहिली तिकडं, अन् तुमी जोडलेलं काढून राहिले?"

त्यानं मान वर केली नाही. "म्हणूनच काढून राहिलो, बापू."

त्यानं कडं थोडं आखूड केलं, भट्टीत लाल केलं, तसंच दांड्यावर ठोकून बसवलं आणि बोल्ट आवळले. वर पाणी ओतलं. निवताना लोखंड आवळत जातं. चाकावर धाव चढवायची रीतच ती. त्यानं तीच मोटारीला लावली. पुन्हा रेघ, पुन्हा उड्या. या वेळी रेघ हलली नाही.

जनाला आत झोपवलं. मिस्त्री आत बसेना. गोंदियापर्यंत तो त्याच पायदानावर, बरोबर त्या कड्याच्या वर, धुळीनं पांढरा होत उभा राहिला. दर नाल्यापाशी मोटार थांबवायला लावायचा, खाली वाकायचा आणि म्हणायचा, "रेघ एक आहे. चाल." मला मात्र एकेक थांबा वर्षासारखा वाटत होता. मनातल्या मनात मी त्याला काय काय शिव्या दिल्या, त्याची आज लाज वाटते.

संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली. जना वाचली. बारशाला मिस्त्री आला, तो आधी आढ्याच्या कडीला लोंबकळला आणि मगच त्यानं पाळणा बांधू दिला.

मुलगी तीन वर्षांची झाली त्या साली मिस्त्री तापानं गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, तेव्हा अंगणात तिरडी आम्हीच बांधली. तो अजून घरात होता. मी चौघांना रिकामी तिरडी उचलून धरायला लावली आणि तिच्यावर आडवा झालो. अभद्र, अभद्र म्हणत म्हातारी माणसं अंगावर आली. पोरीला कडेवर घेऊन जना मध्ये उभी राहिली. "राहू द्या त्यायले," एवढंच म्हणाली.

पायथ्याची एक गाठ ढिली लागली. मी उतरलो, ती सोडून पुन्हा आवळली आणि मग मिस्त्रीला बाहेर आणलं.