महेबूबची विलायती बाई

हिंगोलीत जात्याला टाकी लावावी ती महेबूब पाथरवटानंच. कुणाचं जातं किती जाडंभरडं दळतं ते त्याला तोंडपाठ. बोलायला मात्र त्याच्या जिवावर यायचं.

सत्तेचाळीस साली हरिचंद आडत्यानं त्याला आपल्या गोदामात नेलं. सरकीच्या पोत्यांआड एक संगमरवरी विलायती बाई उभी होती. छावणीतल्या कुण्या साहेबाच्या बागेतली. अंगात पायघोळ झगा, हातात भाला, डोक्यावर शिपायाचा जाडजूड टोप, आणि नाकडोळे पार झिजलेले.

"निजामी गेली की हिला चौकात बसवू," हरिचंद कुजबुजला. "भारतमाता करून दे. देशाची माय हाय. तुझीबी."

ते 'तुझीबी' महेबूबच्या काळजाला भिडलं. रझाकारांना कळलं तर मान जाईल, हे ठाऊक असून तो कामाला लागला. झग्याच्या चुण्यांच्या निऱ्या झाल्या, टोपाचा पदर झाला, भाल्याला झेंडा आला. घोडं अडलं ते तोंडापाशी. जन्मभर जाती घडवली, कबरींचे दगड घडवले; माणसाचं तोंड कधी कोरलं होतं? रोज भाकरी घेऊन येणाऱ्या लेकीचं, गौसियाचं तोंड तेवढं पाठ होतं. तेच दगडात उतरलं, डाव्या गालावरच्या खळीसकट.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौज आली, निजामी गेली. त्या धामधुमीत कोण कुणावर तुटून पडलं, सांगायचीही लाज वाटते. महेबूबचं घर जळालं. गौसिया ज्वारीच्या रानात पळाली, ती परत आलीच नाही. ना मढं सापडलं, ना तिचा कधी एखादा फोटो काढलेला.

महिन्याभरानं चौकात पुतळ्यावरचा पडदा सरला. गौसियाची पाणवठ्यावरची मैत्रीण सिंधू ओरडली, "अगं बया, ही तर आपली गौसिया!"

"त्यांची पोरगी आपली माय व्हय?" कुणीतरी म्हणालं, आणि गावातल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. हार हातातच राहिले.

संध्याकाळी हरिचंद आला. नजर काही वर होईना. "तोंड बदलायचं ठरलं, महेबूब. नांदेडहून पाथरवट बोलावून राहिले."

 महेबूबनं टाकी-हातोडी उचलली.

"नगं. परक्याच्या टाकीनं लागंल तिला. मीच करतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं नाक बारीक केलं, गाल घासून सपाट केला. खळी गेली. खाली पडलेल्या कपच्या, पांढरी भुकटीसुद्धा, त्यानं उपरण्यात गोळा केल्या आणि कब्रस्तानाची वाट धरली. हातभर खड्डा खणून ते गाठोडं आत ठेवलं.

लेकीला माती द्यायची राहिली होती, ती त्यानं त्या दिवशी दिली.