झेड आणि दोन ओ
अक्षरांच्या सोंगट्यांची जुनी पिशवी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि बाबा रिटायर व्हायच्या सुमाराची खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमधली एक दुपार आठवते. इंग्रजी शब्द जुळवायच्या या खेळात त्यांना कोणी हरवत नसे. क्यू, झेड अशी अडेलतट्टू अक्षरं आली की त्यांना उलट चेव चढे. नियमही त्यांचाच होता. दुसऱ्याच्या सोंगट्यांत शब्द दिसला तरी सांगायचा नाही, खिडकीबाहेर पाहायचं. त्या दुपारी ते झेड हातात धरून नुसतेच बसले. फॅक्टरीचा भोंगा होऊन गेला, चहावर साय धरली. मी शेजारीच होते. त्यांच्यापुढे दोन ओ पडलेले मला दिसत होते. झू, त्यांनीच मला शिकवलेला पहिला इंग्रजी शब्द. "काहून थांबले जी?" आईनं विचारलं. "शोधून राहिलो." आई माझ्याकडे वळली, "सांगून दे न त्यांना." बाबांनी हात वर केला. "नाही. तिनं बाहेर पाह्यचं." मी पाहत राहिले. बाहेर दोरीवर त्यांचा खाकी शर्ट वाळत होता आणि मागे सोंगट्या सरकवल्याचा आवाज थांबत होता, पुन्हा येत होता. काल याच सोंगट्यांनी खेळताना माझा डाव होता. बराच वेळ झाला म्हणून मान वर केली, तर माझी मुलगी खिडकीबाहेर पाहत होती.