जाळीची लांबी

दादा गेल्यापासून घरी बसायला येणारा प्रत्येक जण त्याचा एक किस्सा ठेवून जातो. चहा पितो, डोळे पुसतो, उठतो. किस्सा आमच्याकडेच राहतो. दिग्रसच्या आमच्या वर्कशॉपात आता लोखंडापेक्षा किस्सेच जास्त झालेत.

कॉम्प्युटरवरची सगळी ड्रॉइंग दादाच काढायचा. त्याच्या खुर्चीवर आता मी बसतो, नववी नापास. यवतमाळच्या क्लासमध्ये दोन कोर्स आहेत, साधं कॅड आणि पॅरामेट्रिक. एकच घ्यायचा आहे. चुकलो तर वर्कशॉप बंद.

*

साध्या कॅडमध्ये एकेक रेघ आपण ओढायची. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठने गेट अर्धा फूट कमी करायला सांगितलं. दादाने सगळ्या रेघा सरकवल्या, एक राहिली. गेट बसवलं तर एक पल्ला दुसऱ्यावर चढला.

शेठ म्हणाले, "गेट सांगितलं होतं बाबू, कैची काहून बनवली?"

*

मग दादा पॅरामेट्रिक शिकला. त्यात एक माप बदललं की बाकीची आपोआप बदलतात. त्याने ट्रॉली रुंद केली. सगळं जुळलं, फक्त ती वर्कशॉपच्या दारातून निघेना.

आमचे वेल्डर रहीमचाचा भिंत फोडता फोडता म्हणाले, "बेटा, तुह्या कॉम्प्युटरले दरवाजा दाखवला नव्हता काय?"

*

बाबा म्हणतात, "साधंच शीक. तुले तेवढंच झेपते."

*

गावच्या स्मशानातली सरण रचायची लोखंडी जाळी गळून गेली होती. नवीचं डिझाइन दादाने तयार ठेवलं होतं. काम सुरू व्हायच्या आधीच पुसद रोडवर त्याचा अपघात झाला.

अंगणात माणसं बसली होती. नागपूरहून ताई यायची होती. चाचांनी दादाच्या अंगाला टेप लावला आणि मला बाजूला घेतलं.

"छोटू, फाईलमंधली लांबी कमी पडते. पाय बाहेर राहतीन."

दादा घरात सगळ्यात उंच. मी कॉम्प्युटर लावला आणि लांबीचा आकडा बदलला. गज, जाळीचे पाय, सांधे सगळे आपोआप सरकले. कागद चाचांना दिला. ताई येईपर्यंत वेल्डिंगचा आवाज अंगणात येत होता.

काल क्लासच्या सरांनी विचारलं, "पॅरामेट्रिक जमेल तुला? आधी काही केलं आहेस?"

"एक फाईल. लांबी बदलली होती."

"बरोबर निघालं?"

"हो सर. दादा पुरता मावला."