दिराच्या कंपनीची चौकशी

मी फारसं बोलत नाही. लग्नाला पाच महिने होऊनही शेजारच्या काकूंना मी मुकीच वाटत होते. अशा बाईने अर्ध्या तासात केवढा घोळ घालावा? ऐका, आणि खुशाल हसा. घरचे अजून हसतायत.

माझा धाकटा दीर सुहास कॉम्प्युटरची डिग्री घेऊन नुकताच बाहेर पडला होता. एका बँकेचं पत्र हातात होतं, सोमवारपर्यंत उत्तर कळवायचं होतं. पण ह्याचा जीव अडकला अंधेरीच्या एका नव्या कंपनीत. कंपनी म्हणजे काय, तर इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा, एक कॉम्प्युटर आणि चार मुलं! नोकरीचं पत्रही तोंडी, कारण लेटरहेड अजून छापून यायचं होतं.

"चार पोरं मिळून गणपतीचं मंडळ काढतात रे, कंपनी नाही!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, पुढे सगळं कॉम्प्युटरवरच चालणार आहे."

"मग बँकेत बसून चालव ना!"

शेवटी ठरलं, कोणीतरी जाऊन बघून यायचं. कोणी? घरात कॉम्प्युटर पाहिलेली मी एकटीच. लग्नाआधी मी टायपिस्ट होते त्या ऑफिसात एक होता, काचेच्या खोलीत. मी तो काचेबाहेरूनच पाहिला होता, पण हे घरी कधी बोलले नव्हते. बोलत नाही ना मी!

सासूबाईंनी प्रश्नांची यादी लिहून दिली. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनी ह्यांच्याकडे विचारलेले प्रश्न त्यांना तोंडपाठ होते. तेच उतरवले. सुहासने दाराशी हात जोडले, "वहिनी, माझं नाव काढू नकोस हां! घरून चौकशी आली कळलं तर वाट लागली माझी."

शुक्रवारी गेले. गाळ्याबाहेर चपला काढल्या. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून देवळासारखं अनवाणीच जायचं. आत मशीनसाठी ए.सी., आणि मुलं स्वेटर घालून कुडकुडतायत! मालक मकरंद, असेल सत्तावीस वर्षांचा. मोज्यातून अंगठा बाहेर.

"बोला मॅडम, कुठल्या कंपनीकडून?"

"घरून आलेय. थोडी चौकशी होती." मी यादी उघडली. "जागा स्वतःची की भाड्याची?"

"गाळा भाड्याचा. पण राहतं घर मुलुंडला, स्वतःचं."

"घरात कोण कोण?"

"आई आणि मी. बहिणीचं लग्न झालंय."

"व्यसन?"

"चहा."

"रास?"

थांबा, आधीच हसू नका! मालकाला साडेसाती असली की कंपनी बुडते, असा सासूबाईंचा ठाम सिद्धांत. मी नुसतं वाचत होते हो!

मकरंदचे कान लाल झाले. मागच्या तिघांनी कामं सोडून खुर्च्या पुढे ओढल्या. एक जण पळत जाऊन वडे घेऊन आला.

"तूळ," मकरंद म्हणाला. मग हळूच, "तुमच्याकडे... शिक्षण काय झालंय?"

"कॉम्प्युटरची डिग्री."

"अरे वा! म्हणजे इथल्या कामातही मदत होईल."

"त्यासाठीच तर!" मी म्हटलं. ह्याहून वेगळं काय म्हणणार?

"मग लपवत नाही. ऑर्डरी दोनच आहेत. तिसरी मिळेल की नाही, देव जाणे. पण ह्या तिघांचे पगार मी थांबवलेले नाहीत. माझाच थांबवलाय."

किती सरळ माणूस! त्याने पत्ता मागितला, मी खुशीत लिहून दिला.

रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मकरंद, इस्त्रीचा शर्ट, आणि सोबत त्याची आई पेढे घेऊन! सासूबाईंना आनंद मावेना. "बघ, कंपनी घरी आली न्यायला!" असं मला कुजबुजून त्यांनी आत हाक मारली, "सुहास, पोहे घेऊन ये रे!"

आणि सुहास आला. हातात ट्रे, मान खाली.

"सुहास? तू इथे?"

"सर? तुम्ही?"

मकरंदच्या आईने पदर सारखा केला. "हा मुलीचा भाऊ का?"

"कुठल्या मुलीचा?" सासूबाई म्हणाल्या. "मला दोन मुलगेच. हा धाकटा. हाच तुमचा!"

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या डोक्यात एकच, गेली दिराची नोकरी!

मी यादी पुढे केली. मकरंदने ती वाचली, 'रास' पर्यंत आला आणि डोकं धरून बसला.

"म्हणजे माझ्या दोन ऑर्डरी..."

"सांगितल्या वहिनीने," सुहास म्हणाला. ट्रे तसाच हातात. "तुमचा पगार थांबल्याचंही. सर, इंटरव्ह्यूला तुम्ही मला कंपनी विमानासारखी उडणार म्हणालात. खरं काय ते वहिनीमुळे कळलं." मग आईकडे वळून, "बँकेला उद्या 'नाही' म्हणून कळवतो. खरं सांगणारा साहेब तिथे मिळेलच असं नाही."

सासूबाई काही बोलणार, तोच मकरंदच्या आईने माझा हात धरला. "नोकरीचं झालं. आता माझ्या मुलासाठी मुलगी तुम्हीच शोधायची. एवढी चौकशी करणारी बाई मी पाहिली नाही!"

तर आज स्थिती अशी, की सुहासच्या वर्गातली आणखी दोघं त्या कंपनीत लागलीत. कॉम्प्युटर अजून एकच, पण लग्नाची मुलं सात. सातच्या सात पत्रिका माझ्या कपाटात आहेत, आणि ही मुकी बाई दर रविवारी अनोळखी लोकांच्या घरी जाऊन 'मुलीची रास काय?' विचारत फिरते.